हिवाळ्यात संभाजीनगरला येताय? आधी वार बघा, मग घड्याळ

दर डिसेंबरला आमच्याकडं कुणी ना कुणी पाहुणा असतोच. कधी पुण्याची मावसबहीण, कधी मुंबईचे दाजी. बॅग ठेवायच्या आत पहिला प्रश्न ठरलेला: "वेरूळ-अजिंठा एका दिवसात होतं ना?" होतं की. पण पंगतीत न बसता वाढप्याच्या मागं एक चक्कर मारून आल्यासारखं होतं. शिवाय या दोन लेण्यांच्या नादात शहर राहून जातं, आणि हिवाळ्यात खरी मजा शहरात आणि शहराच्या कडेच्या शेतांत असते. पाहुण्यांना फिरवून फिरवून माझा एक क्रम बसलाय. पहिल्यांदा येणाऱ्यानं तो आहे तसा उचलावा, दुसऱ्यांदा आलात की मोडतोड करा.

निघण्याआधी

तिकीट काढायच्या आधी वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरीही एका वर्षी मी दाजींना घेऊन सोमवारी शंभर किलोमीटर गाडी हाणत अजिंठ्याला गेलो. दाजी काही बोलले नाहीत. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी शांतपणे शेंगदाणे खाल्ले आणि घरी आल्यावर बहिणीला सगळं सांगितलं. तो विषय अजून दर दिवाळीला निघतो.

शनिवार-रविवार मी टाळायला सांगतो. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना. वेरूळच्या बाहेर एसटीच्या लाल गाड्यांची रांग लागते आणि कैलास लेण्यात शिट्ट्या घुमतात. बुधवारी सकाळी येऊन शुक्रवारी रात्री निघणं सगळ्यात सोयीचं. हुरडा खायचाच असेल, आणि खायलाच पाहिजे, तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर एवढाच काळ खात्रीचा. त्याआधी दाणा भरलेला नसतो, नंतर तो कडक होतो.

कपड्यांचं म्हणाल तर पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो आणि दुपारी ऊन चांगलंच चटकतं. जाड जॅकेट आणलं की दिवसभर ते हातात घेऊन फिरावं लागतं. स्वेटर, कानटोपी आणि टोपी, म्हणजे सकाळची एक आणि दुपारची एक. देवगिरीसाठी टॉर्च आणि पकड असलेले बूट.

उतरायचं कुठं? रेल्वेनं येणार असाल तर स्टेशन रोड-उस्मानपुरा भाग, एसटीनं येणार असाल तर मध्यवर्ती बसस्थानकाचा परिसर. विमानानं चिकलठाण्याला किंवा समृद्धीवरून स्वतःच्या गाडीनं येणारे जालना रोडला, सिडकोकडं उतरतात. तिथं गाडी लावायला जागा मिळते, पण जुनं शहर लांब पडतं. मला विचाराल तर जुन्या शहराच्या जवळ राहा. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. रिक्षावाल्याला जुनं-नवं दोन्ही कळतं, त्यावरून अडू नका. भाड्यावर मात्र अडू नका म्हणणार नाही: बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

पहिला दिवस: सकाळी पाय, संध्याकाळी पोट

मांसाहारी असाल तर पहिल्या सकाळी हॉटेलचा फुकटचा नाश्ता सोडा. बुढीलेन, शहागंज, रोशन गेट या पट्ट्यात थंडीत पहाटेपासून नहारी मिळते. रात्रभर मंद आचेवर शिजलेला रस्सा, वर तरंगणारी तर्री, सोबत तंदूरमधून काढलेली गरम रोटी. ही खाण्याची वेळ पहाटेची. नऊ वाजता आळस देत गेलात तर देगेचा तळ बघायला मिळेल. कुठलं मटण आहे ते बसण्याआधीच विचारा. तिथं कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

शाकाहारी माणसानं चौकातल्या गाड्यावर पोहे खावेत, किंवा सुशीला. हे कुणा बाईचं नाव नाही. मुरमुरे भिजवून पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतलेला हा मराठवाड्याचा नाश्ता आहे. परभणी-नांदेड-लातूरकडं तो जास्त, पण इथंही सापडतो. आणि इकडं "भजी" मागू नका, "भजे" म्हणा. भजी म्हटलं की समोरचा समजतो, पुण्याहून आलेत.

चहा घेऊन भडकल गेटपासून चालायला सुरुवात करा. या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. आज उभे आहेत ते मोजके. भडकल गेट १६१२ मधला, मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाच्या आठवणीत बांधलेला. खडकी नावाच्या खेड्याचं शहर करणारा हाच माणूस. लोकांना त्याचे दरवाजे दिसतात, त्याचं मोठं काम जमिनीखाली आहे: डोंगरातलं पाणी खापरी नळांतून शहरभर खेळवणारी नहर-ए-अंबरी. आज नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं की आमच्याकडं चारशे वर्षांपूर्वीच्या मलिक अंबरची हटकून आठवण निघते.

तिथून पाणचक्की चालत पंधरा-वीस मिनिटं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं हे आवार. कित्येक किलोमीटरवरच्या डोंगरातला झरा नळांवाटे इथं आणला, उंच भिंतीवरून पाडला आणि त्या जोरावर पिठाची चक्की फिरवली. दर्ग्यात उतरणाऱ्या लोकांसाठी तिच्यावर दळण दळलं जायचं. हौदाच्या कडेला थांबा, पण जास्त वेळ त्या जुन्या वडाखाली काढा. पाऊसकाळ बरा झाला असेल तर पाणी धो धो पडतं, नाहीतर नुसती धार. दोन्हींचा आवाज ऐकण्यासारखा.

खाम नदीच्या पुलावरचा महमूद दरवाजा बघून बीबी का मकबऱ्याला जायला रिक्षा करा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. सतराव्या शतकात बांधली, बांधणारा तिचा मुलगा आझम शाह असं बहुतेक जण मानतात. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणून तुलना होतेच आणि लोक "गरिबांचा ताज" म्हणून नाक मुरडून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. इमारतीच्या जवळ जा आणि खालचा पांढरा पट्टा बघा. कमरेपेक्षा वरपर्यंत संगमरवर येतो आणि एका सरळ रेषेत संपतो. त्याच्या वर थेट घुमटापर्यंत आहे तो चुन्याचा गिलावा, आणि त्याच गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी. घुमट पुन्हा संगमरवरी. जिथं पैसा संपला तिथं कारागिरांनी हात दाखवला, असं मला ती रेषा बघताना दरवेळी वाटतं. खर्चाचा आकडाही सांगतात तो पै-पैचा हिशेब ठेवल्यासारखा: ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि सात आणे. ते सात आणे मला फार आवडतात.

दुपारी जेवून हॉटेलवर थोडं पडा. चारच्या सुमाराला विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांकडं निघा. औरंगाबाद लेणी म्हणतात ती हीच. वेरूळ-अजिंठ्याच्या सावलीत राहिल्यानं इथं शुकशुकाट असतो, आणि तेच बरं. पायऱ्या आहेत, दमानं चढा. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धापुढं दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले भाविक कोरलेत, जवळपास माणसाएवढे. एकाच्या हातात माळ, दुसऱ्याचे हात जोडलेले, ओठ जरा जाड, केस नीट विंचरून वर बांधलेले. देवाकडं बघायला आलेली माणसं, आणि आपण त्या माणसांकडं बघत राहतो. मी पाहुण्यांना आधी इथं आणतो. वेरूळ मोठं आहे, पण तिथल्या गर्दीत अशी निवांत भेट होत नाही. बाहेर आलात की खाली मकबरा आणि सगळं शहर दिसतं. अंधार पडायच्या आत उतरा, खालून रिक्षा मिळत नाही; येतानाचीच थांबवून ठेवा.

वाटेतच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं प्रवेशद्वार लागतं. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी या गेटसमोर लाखोंची गर्दी लोटते आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या तारखेला आलात तर लेण्यांचा बेत रद्द करा आणि पिशवी घेऊन पुस्तकांकडं या. वाहनांचे रस्ते त्या दिवशी बदललेले असतात.

गुलमंडीची संध्याकाळ

सातला गुलमंडी. सुपारी मारुतीला हात जोडा आणि उत्तमच्या इमरतीकडं वळा. इमरती आणि जिलेबी एकच समजणारे लोक भेटतात, त्यांच्याशी वाद घालू नये, एक इमरती हातात द्यावी. जिलेबी मैद्याची, आंबवलेली, आंबूस. इमरती उडदाच्या डाळीची. फडक्यातून पीठ कढईत सोडताना आधी आतलं कडं, मग त्याच्याभोवती छोट्या छोट्या पाकळ्या. तळून पाकात गेली की बाहेरून कुरकुरीत आणि आतून पाकानं ठिबकणारी. गरमच खा, उभ्यानं खा. पाव किलो घरी नेऊ म्हणून बांधून घेतात आणि सकाळी डब्यात मऊ गोळा निघतो.

मग औरंगपुरा, पैठण गेट असं पायी फिरून या. भूक लागू द्या, कारण रात्रीचं जेवण नान-खलिया आहे. या शहराची ओळख सांगणारा एकच पदार्थ निवडायचा तर हा. सांगतात असं, की मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेच्या भटारखान्याबरोबर तो इकडं आला. हजारोंना एकदम वाढता येईल असा बेत: भल्यामोठ्या देगेत मटणाचा झणझणीत रस्सा आणि भट्टीत थापलेली गोल, जाड, वरून पिवळसर नान. नान मऊ असते, तिचा तुकडा तर्रीत बुडवून क्षणभर धरायचा. रस्सा वर चढला की तोंडात. चमचा मागू नका. लग्नाच्या दावतीतला खलिया हॉटेलातल्यापेक्षा चांगला असतो, तेव्हा कुण्या मियांशी ओळख झाली आणि त्यानं "शादी में आओ" म्हटलं तर "हौ" म्हणून टाका.

शाकाहारींसाठी: बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, येसरची आमटी देणारी घरगुती खानावळ शोधा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाला घातलेलं पीठ. त्याची आमटी थंडीत भाकरीवर ओतून चुरून खायची. मेन्यूकार्डावर ती बहुतेक नसते. विचारलं की मालक खूश होऊन आतून काढतो.

पिण्याचं काय? हे शहर देशभरासाठी बिअर बनवतं, वाळूजच्या एमआयडीसीत तिचे मोठे कारखाने आहेत. पण जानेवारीच्या रात्री बोटं गारठलेली असताना मला कढईतलं आटवलेलं दूध पटतं. दूधवाला वर साईचा पापुद्रा टाकून देतो, ग्लास दोन्ही हातांत धरायचा.

दुसरा दिवस: किल्ला, हुरडा, कैलास

याच क्रमानं, उलटा नाही.

सकाळी आठला देवगिरी किल्ल्यावर पोचा. शहरापासून पंधराएक किलोमीटर. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं तिच्यावर पहिली चाल केली. तासून उभा केलेला कडा, खोल खंदक आणि मग अंधारी. तो वळणावळणाचा काळोखा भुयारी रस्ता वटवाघळांच्या वासासकट चढावा लागतो. टॉर्च इथं लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी चिनी महालापर्यंत जाऊन चांदमिनारच्या आसपास उन्हात बसावं, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी बारादरीपर्यंत जावं. उतरताना गुडघे बोलतील, पण पुढं हुरडा आहे.

हुरड्याची शेतं दौलताबाद, पैठण, बीड, जालना अशा सगळ्या रस्त्यांना आहेत. आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा. भाजणार आमच्यासमोर का? दाणा कुठला, सुरती का गुळभेंडी? आणि गाण्यांचा आवाज किती? तिसरा प्रश्न थट्टेचा नाही. एकदा रविवारी मावसबहिणीला एका शेतावर नेलं. तिथं दीड-दोनशे माणसं, स्पीकरच्या भिंती आणि हुरडा आधीच भाजून प्लास्टिकच्या टबात झाकून ठेवलेला. थंड हुरडा म्हणजे ओली ज्वारी. बहीण म्हणाली, "एवढ्यासाठी तू दरवर्षी फोन करतोस?" मला तोंड वर काढता येईना.

खरा हुरडा असा: जमिनीत वीतभर खड्डा, म्हणजे आगटी. तीत गोवऱ्यांचा निखारा. हिरवी कणसं त्यात खुपसतात. धूर निघतो, चटचट आवाज येतो. चोळणारा गडी कणीस बाहेर काढतो, राख झटकतो आणि तळहातांत धरून चोळतो. इतकं गरम, की आपल्याला दोन सेकंद धरवत नाही. हिरवे दाणे खाली पडतात, तो फुंकर मारून कोंडा उडवतो आणि मूठभर तुमच्या पुढ्यात टाकतो. लगेच खायचं. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, रेवड्या, बोरं, हरभऱ्याचे ढाळे सगळं भोवती मांडलेलं असतं, पण पहिली मूठ कोरी खा. गोडसर, दुधाळ, जरा धुराची. दुसऱ्या मुठीपासून चटणी.

हुरडा पोटात फुगतो हे नवख्याला कळत नाही. पोट भरलं असं वाटायच्या आधीच थांबायचं, वर ताक प्यायचं. भाकरी-पिठलं आग्रहानं वाढतील. मान ठेवण्यापुरतं घ्या, अजून वेरूळ चढायचंय.

दोनच्या सुमाराला वेरूळ. ही लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. सकाळी ती सावलीत गार पडलेली असतात, दुपारनंतर ऊन आत शिरतं आणि दगड पिवळा होतो. म्हणून हा क्रम. एकूण चौतीस लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा हट्ट धरू नका. दहावं बघा, सुतार झोपडी म्हणतात ते. छताच्या दगडी फासळ्या लाकडाच्या वाटतात. मग बत्तिसावं, आणि शेवटी उन्हं कलल्यावर सोळावं, कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे देऊळ डोंगर वरून खाली कोरत आणलंय. कळस आधी, पाया नंतर. लोक आत जाऊन फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही बाहेरून डोंगराच्या कडेनं वर जाणारी वाट धरा आणि वरून खाली बघा. कारागीर जिथून सुरू झाले तिथं तुम्ही उभे असता.

घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर लेण्यांच्या आधी उरका. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं. जानेवारीच्या संध्याकाळी ते जड जातं. एसटीनं येणाऱ्यांसाठी: कन्नड, चाळीसगावकडची गाडी वेरूळला थांबते. पण देवगिरी, शेत आणि वेरूळ एका दिवसात करायचं तर दिवसाची टॅक्सी किंवा रिक्षाच ठरवा.

तिसरा दिवस: दोनपैकी एक

अजिंठा किंवा पैठण. दोन्ही नाही.

अजिंठ्याला पूर्ण दिवस द्या. जळगावकडं जाणारी एसटी सिल्लोडमार्गे जाते. कंडक्टरला "अजिंठा लेणी, फर्दापूर टी-पॉइंट" असं स्पष्ट सांगा. नुसतं "अजिंठा" म्हटलं तर अजिंठा गावात उतरवतील आणि लेणी तिथून बरीच पुढं आहेत. टी-पॉइंटला आपली गाडी ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्याच बसनं. आत शिरलात की पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर दोन मिनिटं काही न करता उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की निळा रंग दिसू लागतो. फ्लॅश मारायचा नाही, कुणी मारत असेल तर टोका. मग सतरा, एकोणीस, सव्वीस. दहाव्या लेण्यात १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात येऊन पोचला आणि खांबावर आपलं नाव कोरून गेला. म्हणजे ती खोड नवी नाही.

घरची वडीलधारी बरोबर असतील तर मी पैठण सुचवतो. पन्नास किलोमीटर, सपाट रस्ता. नाथांचा वाडा, गोदावरीचा घाट, आणि माग चालू असलेलं एखादं पैठणीचं घर. मग जायकवाडीच्या नाथसागराच्या काठावर जा. हिवाळ्यात इथं बाहेरगावचे पाहुणे पक्षी उतरतात: चक्रवाक, पट्टकादंब, नशीब असेल तर रोहित. दुर्बीण नसेल तर पांढरे-गुलाबी ठिपके दिसतील, तेवढं समाधान मानायचं.

खरेदीला हिमरू शाल. ताणा सुती, बाणा रेशमी. दुकानदाराला शाल उलटी करायला सांगा. हातमागाची असेल तर मागच्या बाजूला रेशमाचे मोकळे धागे दिसतात. मागं-पुढं सारखीच गुळगुळीत असेल तर किंमत हातमागाची देऊ नका.

परतीच्या गाडीला तासभर असेल तर स्टेशनला जाताना उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरला उतरा. गर्दी बघून घाबरू नका, हात झपाझप चालतात. मसाला पान तिथंच खा, आणि घरच्यांसाठी बांधून घ्यायचं असेल तर पानाची ऑर्डर देतानाच सांगा, नंतर रांग पुन्हा पहिल्यापासून. रिक्षा सोडू नका.